सहा पानांची रुजवात

कचेरीत झेरॉक्सचं यंत्र येईपर्यंत मी हातानं किती पानं लिहिली असतील, याचा मी मागं एकदा हिशेब केला. दिवसाला बारा पानं, वर्षाचे कामाचे अडीचशे दिवस, अशी सतरा वर्षं. एक्कावन्न हजार पानं होतात. सात-बाराचे उतारे, फेरफार, निकालपत्रं, वाटणीपत्रं. यातलं एकही पान आज माझ्या डोळ्यांपुढे नाही. डोळ्यांपुढे आहेत ती सहा पानं, जी मी घरी लिहिली. त्या पानांवर एकही शब्द नव्हता. चारच इंग्रजी अक्षरं होती, ए, यू, जी, सी, उलटसुलट क्रमानं मांडलेली, एकूण तीन हजार पाचशे एकोणसत्तर.

गोष्ट सत्त्याहत्तर सालची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. मी एका सरकारी कचेरीच्या नक्कल शाखेत होतो. लग्न झालेलं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. माझी धाकटी बहीण नागपूरला जीवरसायन घेऊन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आमचे वडील रिठदला दुसऱ्यांच्या वावरात राबले. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि आम्हा दोघांना शाळेत घातलं. मी मॅट्रिकवर थांबलो, ती थांबली नाही. माझ्या थांबण्याचं मला कधी दुःख वाटलं नाही, कारण एकाच्या पगारावर एकच जण शिकू शकत होता आणि दोघांत ती हुशार होती. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिचे आणि माझे दहावीपर्यंतचे गुण मी शेजारी शेजारी लिहून पाहिले होते.

त्या वर्षी तिच्या सरांनी तिला एक काम दिलं. जंतूंच्या पोटात वाढणारा एक विषाणू असतो. जंतूच मुळात डोळ्याला दिसत नाही, हा त्याहून कितीतरी लहान. परदेशातल्या संशोधकांनी या विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे त्याची घडण ठरवणाऱ्या चार अक्षरांच्या लांब साखळीचा, सगळा क्रम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत शोधून छापला होता. सरांनी तिला सांगितलं, तू फक्त अक्षरं उतरवून घे, बाकीचा लेख वाचू नकोस. या अक्षरांवरून विषाणूची प्रथिनं कोणती, ती कुठं सुरू होतात, कुठं संपतात, ते तुझं तू काढ. नीट काढलंस तर बंगलोरला संशोधनासाठी तुझी शिफारस करतो. वर्गातून एकाचीच शिफारस व्हायची होती.

ते मासिक ग्रंथालयात दोनच दिवस मिळालं. बहिणीनं पेन्सिलीनं भराभर अक्षरं उतरवली आणि तो कच्चा कागद मला पोस्टानं पाठवला. सोबत चिठ्ठी होती: "भाऊ, माझं अक्षर मलेच लागत नाही. तुमच्या हातची तीन प्रतींत नक्कल पाठवा. तुमची नक्कल चुकत नाही."

ते शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

कचेरीतून आल्यावर चहा झाला की दिवेलागणीपर्यंत रोज एक पान, असं सहा दिवस लिहिलं. तीस अक्षरांची ओळ, वीस ओळींचं पान, म्हणजे पानाला सहाशे. पाच पानं पूर्ण भरली. सहाव्यावर अठरा ओळी भरून एकोणिसाव्या ओळीत एकोणतीस अक्षरं आली. बेरीज बरोबर जुळली. समास, पानाचा आकडा, दोन कार्बन, शाखेतली प्रत्येक रीत मी जशीच्या तशी पाळली.

नक्कल लिहून झाली की ती मुळाशी ताडून पाहायची, त्याला आमच्याकडे रुजवात म्हणतात. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर खूण करत जायचं. घरी दुसरं माणूस बायकोच होती. ती सातवी शिकलेली, इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं चारच. एका दुपारी तिनं ती ओळखायला शिकून घेतली.

"जी अन् सी सख्ख्या भयनी हायेत का?" ती म्हणाली. "एकीनं नथ घातली, एकीनं नाई."

रविवारी ती मूळ वाचायला बसली. ए, यू, यू, जी, सी. मी लाल पेन्सिलीनं नकलेवर खुणा करत गेलो. चार तास लागले. दोन ठिकाणी माझं अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. शेवटी ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "येवढं बोलला तुमचा इशानू, पन काय म्हनते थे कायी समजलं नाई."

मी शेवटच्या पानाखाली लिहिलं: एकूण अक्षरे ३५६९, रुजवात घेतली. पहिली प्रत नागपूरला गेली. कच्चा कागद आणि कार्बनच्या प्रती मी ट्रंकेत ठेवल्या.

दिवाळीच्या सुट्टीत बहीण घरी आली ती तोंड पाडूनच. तिच्या वहिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, भाकर वाढली तर अर्धीच खाल्ली. मी विचारलं, प्रकृती बरी नाही का. तिनं पिशवीतून माझी सहा पानं काढली. त्यांच्यावर तिच्या बारीक खुणा होत्या.

"भाऊ, या कागदात चूक हाये," ती म्हणाली. "मंजे तुमच्या नाई. छापनाऱ्याच्या."

वहिनीला समजावं म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मलाही तेव्हाच नीट कळलं. प्रथिन म्हणजे माळ. माळेत वीस जातींचे मणी. आरएनए वाचायचा तो तीन-तीन अक्षरांनी. ए-यू-जी, क्वचित जी-यू-जी, आलं की माळ सुरू होते. पुढच्या प्रत्येक तीन अक्षरांना एक मणी. यूएए, यूएजी किंवा यूजीए आलं की थांबा, माळ संपली. चार अक्षरांतून तीन-तीनचे चौसष्ट गट होतात, त्यातले एकसष्ट मण्यांचे आणि तीन थांब्याचे. तिच्याकडे त्याचा तक्ता होता.

"या इशानूत तीन माळा हायेत," ती म्हणाली. "मधली लहान हाये, त्याच्या अंगावरच्या आवरनाची. तिच्यातले मनी लोकायनं आधीच मोजले हायेत, एकशे एकोनतीस. माह्या हिशेबात सुरुवातीचा एक सोडून एकशे एकोनतीसच आले. एकबी मनी इकडचा तिकडे नाई."

"मंग चांगलंच हाये की," वहिनी म्हणाली.

"पन मोठ्या दोन तुटतात, वयनी. पयली माळ दीडशेच्या थोडी पुढं गेली की थांबा येते. येवढीशी माळ राहूच शकत नाई. अन् तिसरी तं सुरू झाली न झाली की मेली."

"कोणत्या पानावर?" मी विचारलं. माझा स्वभाव असा की आधी जागा विचारायची.

"पयली दुसऱ्या पानाच्या वरच्या ओळींत तुटते. तिसरी तिसऱ्या पानाच्या शेवटी सुरू होते अन् चौथ्यावर तुटते."

"दोन्ही पान बदलल्यावरच?"

"हाव. थो योगायोग असन."

मलाही तो योगायोगच वाटला. कार्बन सरकून अक्षरं पुसट झाली असतील असं माझ्या मनात आलं, पण तिच्याजवळ तर वरची प्रत होती, कार्बनची नव्हे.

मग तिनं एक पत्र दाखवलं. सरांना लिहिलेलं, पाकिटात घालायचं बाकी. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की छापलेल्या क्रमात किमान दोन ठिकाणी चूक आहे, आणि ती कुठं आहे ते माझ्या कामातून सिद्ध होतं. सुट्टी संपली की सगळ्या वर्गापुढं हेच मांडायचं तिनं ठरवलं होतं.

"तुझी कच्ची प्रत पाहिलीस का पुन्हा?" मी विचारलं.

"थे तुमच्याजवळ हाये ना. अन् पाहू कायले? तुमी रुजवात घेतली. खाली लिवलं हाये तीन हजार पाचशे एकोनसत्तर. छापील आकडाबी थोच."

आकडा तर जुळत होता. पण मला बरं वाटत नव्हतं. परदेशातल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून एकेक अक्षर शोधलं, आणि चूक त्यांचीच, माझी नाहीच, हे मला पटेना. तिला ते सहज पटलं होतं, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. आणि तिनं भरल्या वर्गात तसं म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर बंगलोर विसरावं लागणार होतं. एका मजुराच्या मुलीला असं दुसऱ्यांदा उभं राहायला कुणी देत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. 

"सोमवारी तू जायच्या आत पुन्हा रुजवात घेऊ," मी म्हणालो.

"घ्या," बायको म्हणाली. "पन या टायमाले तुमी वाचा, मी टिकल्या मारतो. मागच्या खेपेले माहा घसा दोन दिस बसला व्हता."

शाखेत मूळ नेहमी शिपाई किंवा हाताखालचा वाचायचा आणि खूण नक्कल लिहिणारा करायचा. लिहिणाऱ्यानंच वाचायचं असं कधी होत नसे. पण घरात रीत कुणाला सांगणार? मी ट्रंकेतून कच्चा कागद काढला आणि वाचायला बसलो. बायको माझ्या नकलेवर लाल पेन्सिल घेऊन. बहीण चुलीपाशी तुरीच्या शेंगा उकडत होती.

पहिलं पान सरळ गेलं. सहाशे अक्षरं, सहाशे खुणा. दुसरं पान उलटलं. मी म्हटलं, "सी."

"थांबा," बायको म्हणाली. "इथं यू हाये."

"सी आहे. मी मूळ वाचतोय."

"सी हाये, पन थ्याच्या आंधी यू हाये."

मी नक्कल तिच्या हातातून घेऊन पाहिली आणि परत दिली. "तो यू सोड. तो मोजायचा नसतो."

"काहून सोडू? लिवला तं हाये."

"ते शेवटचं अक्षर आहे मागल्या पानाचं. पुन्हा लिहायचं असतं."

"मोजाचा नाई तं लिवला कायले?"

बहिणीच्या हातातली पळी भगुन्यात राहिली. ती उठून आली, वाकून त्या पानाचा वरचा कोपरा पाहिला, मग तिसरं पान, चौथं, पाचवं, सहावं. 

आता ती रीत सांगतो. मी कचेरीत लागलो तेव्हा नक्कल शाखेचे प्रमुख एक म्हातारे मुन्शीजी होते. पान संपलं की त्याचा शेवटचा शब्द पुढच्या पानावर, पहिल्या ओळीच्या डोक्याशी पुन्हा लिहायचा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. त्याला ते पानाचा दुवा म्हणायचे. मधलं एखादं पान कुणी काढून नेलं किंवा खोटं पान घुसवलं तर दुवा जुळत नाही, चोरी पकडली जाते. "बाबू, काग़ज़ का ईमान यही है," असं ते म्हणत. रीत चांगली होती. शब्द दोनदा आला की वाचणाऱ्याला तो दुवा आहे हे कळतं, कारण "सदर सदर जमीन" असं कुणी वाचत नाही. पण यू दोनदा आला तर तो दुवा आहे हे कोण सांगणार?

मी लिहिताना हाताला सवय, म्हणून दुवा लिहिला. मोजताना डोळ्याला सवय, म्हणून तो मोजला नाही. रुजवातीत खुणा करताना तो ओलांडून गेलो. तिन्ही वेळा मीच. आणि वर आकडा बरोबर घातला. पाच वेळा पान बदललं म्हणून पाच अक्षरं जादा. माझ्या हिशेबानं ३५६९, कागदावर ३५७४.

बहिणीनं कागदावर बोटानं दाखवलं. एक अक्षर जादा शिरलं की पुढचा प्रत्येक तीनचा गट एका घरानं सरकतो. मणी सगळे चुकतात आणि थांबा नको तिथं उभा राहतो. पहिल्या माळेत दोनदा पान बदलत होतं, तिसऱ्या माळेत तीनदा. पाची जादा अक्षरं मोठ्या दोन माळांतच पडली होती. लहान माळ सबंध तिसऱ्या पानावर बसली होती, म्हणून ती तेवढी शाबूत राहिली. आणि ती शाबूत होती म्हणूनच तिला बाकीच्या नकलेचा संशय आला नाही.

"मी तुझ्या सरांना लिहितो," मी म्हणालो. "चूक माझी आहे. सही करून देतो."

"कायले? ओळ मोजाले मले काय झालं व्हतं?" ती म्हणाली. "पयलं पान सोडून प्रत्येक पानाची पयली ओळ एकतीसची हाये. मी एकदाबी मोजली नाई. तुमी लिवलं म्हनून."

"मंग दोघंबी गुन्हेगार," वहिनी म्हणाली. "आता शेंगा खा अन् कामाले लागा. थंड झाल्या तं मी गरम करनार नाई."

बहिणीनं पाच अक्षरांवर काट मारली. आम्ही रुजवात तशीच पुढं नेली, मी वाचणारा, बायको खूण करणारी, आणि सहाही पानं शेवटपर्यंत ताडली. मग बहीण पहिल्या माळेला लागली. तीन-तीन अक्षरं ती म्हणायची, मी तक्त्यात पाहून मण्याचं नाव सांगायचो, वहिनी पाटीवर दहा-दहाच्या रेघा ओढायची. ज्या ओळींत माळ आधी तुटली होती तिथं आलो तेव्हा तिघंही आपोआप हळू झालो. तिथून पुढं गेलो. दुसरं पान संपलं, तिसऱ्यावर गेलो, आणि चौथ्या ओळीत थांबा आला. वहिनीनं रेघा मोजल्या. एकोणचाळीस दहे आणि वर तीन. तीनशे त्र्याण्णव.

"आता कशी माळेसारखी माळ झाली," ती म्हणाली.

तिसरी माळ दुसऱ्या दिवशी झाली. ती पाचशेच्या वर गेली, सहाव्या पानापर्यंत. बहीण त्या दिवशी चार भाकरी जेवली. मी मोजल्या.

सोमवारच्या बसला ती निघाली तेव्हा ते जुनं पत्र तिनं फाडलं नव्हतं. ते तिच्या पिशवीत होतं. मी म्हणालो, हे कशाला नेतेस. ती म्हणाली, सरांना दाखवीन. मला ते बरोबर वाटलं नाही. चूक सापडली, दुरुस्त झाली, आता ती उगाळायची कशाला, असं माझं मत. वाटेत मी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती फक्त मान हलवत राहिली आणि बस आली.

पुढचे तीन आठवडे माझं कचेरीत लक्ष नव्हतं. एका फेरफाराच्या नकलेत मी दुवा लिहायचाच विसरलो आणि साहेबांनी ती परत पाठवली. माझ्यामुळे पोरीची जागा जाणार, हे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. बायकोला तसं बोललो तर ती म्हणाली, "तुमाले आकड्यायशिवाय कशाचा भरोसा हाये का?" खरं म्हणजे नव्हता.

मग तिचं कार्ड आलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे, म्हणून मजकूर सांगू शकतो. तिनं वर्गापुढं आधी चुकलेल्या माळा मांडल्या, मग जादा अक्षरं कशी शिरली ते सांगितलं, आणि मग बरोबर माळा. सरांनी त्यांच्याजवळच्या लेखाशी तिन्ही ताडून पाहिल्या, जुळल्या. वर्गात आणखी दोघांना तेच काम दिलेलं होतं. उतरवताना अक्षरं चुकल्यानं त्यांच्याही माळा तुटल्या होत्या, पण त्यांनी तुटलेली टोकं कशीबशी जोडून दाखवली आणि काही बोलले नाहीत. सरांनी तिला एकच विचारलं, चूक पकडली कुणी? तिनं सांगितलं, माझ्या वहिनीनं, ती सातवी शिकली आहे आणि जे लिहिलं असेल तेवढंच वाचते. सर म्हणाले, यापुढं माझ्या वर्गात प्रत्येक क्रम दोनदा ताडायचा, दुसऱ्या वेळी वाचणारा आणि खूण करणारा बदलायचा. शिफारस तिचीच केली होती.

आज मी मागं पाहतो तेव्हा मला या लोकांचे उपकार मोजता येत नाहीत, आणि मला मोजता न येणारं फारसं काही नाही. त्या परदेशातल्या माणसांचे, ज्यांच्यावर आम्ही खोटा आळ घालणार होतो. मुन्शीजींचे, कारण त्यांची रीत तिच्या जागी बरोबरच होती आणि मी पुढंही ती पाळली. त्या सरांचे. बहिणीचे तर विशेष. ते पत्र तिनं फाडलं असतं तरी तिच्या माळा जुळल्याच असत्या, पण त्या का जुळल्या हे कुणाला कळलं नसतं. मी तिला ते लपवायला सांगत होतो. तिनं माझं ऐकलं नाही, याचा मला आनंद आहे.

कार्ड मी मोठ्यानं वाचलं. स्वतःचा उल्लेख आला तिथं बायकोनं पुन्हा वाचायला लावलं, मग कार्ड हातात घेऊन ती ओळ कुठली ते बोटानं विचारलं. 

"बंगलोरले थंडी किती रायते?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत तिकडच्या एका साहेबांना विचारून मी तिला सांगितलं, आपल्याइतकी कडक नाही, पण पहाटे अंगावर काही लागतं. तिनं जुनी दोन लुगडी काढली, ओसरीवर पसरली आणि गोधडीला पहिला टाका घातला.